बैलजोडी विकली जाण्याआधी : हिवाळी अधिवेशनासाठी नागपुरात येणाऱ्या आमदारांना खुले पत्र

प्रति,
विधानसभा व विधान परिषदेचे सर्व सन्माननीय सदस्य,
विधानभवन, नागपूर.

सन्माननीय सदस्यहो,

१९५३ च्या नागपूर करारामुळे दरवर्षी एक अधिवेशन आमच्या शहरात होतं. ते भरतं तेव्हा कापसाची वेचणी चालू असते, सोयाबीन बहुतेकांनी विकून टाकलेलं असतं आणि आंबिया बहाराचा संत्रा झाडावरून उतरत असतो. विदर्भातल्या घराघरांत वर्षाचा हिशेब मांडायची जी वेळ, नेमके तेव्हा तुम्ही इथे असता. सभागृहात भावावर चर्चा होते, पॅकेज जाहीर होतं. आम्हाला त्या पॅकेजच्या रकमेपेक्षा त्याच्या तारखेबद्दल बोलायचं आहे.

आमच्यापैकी कुणी अर्थशास्त्र शिकवतं, कुणी पीककर्जाची प्रकरणं हाताळतं, कुणी बाजार समित्यांच्या भावांच्या नोंदी ठेवतं. एका मुद्द्यावर आमचं एकमत आहे. जगाच्या बाजारातला धक्का विदर्भातल्या घरापर्यंत ठरलेल्या वाटेने येतो, त्याला काही आठवडे लागतात, आणि सरकारची मदत त्यानंतर कित्येक महिन्यांनी पोहोचते. गरिबी वाढते ती या मधल्या काळात. धक्का अडवणं तुमच्या हाती नाही. हा मधला काळ कमी करणं मात्र पूर्णपणे तुमच्या हाती आहे.

कापसापासून सुरुवात करू. न्यूयॉर्कच्या बाजारात कापसाचा भाव पौंडाला सेंटमध्ये बोलला जातो, आपल्याकडे रुईचा खंडीत आणि कास्तकाराच्या कापसाचा क्विंटलमध्ये. हे तीन आकडे एकदा जोडून पाहा. एक खंडी म्हणजे ३५६ किलो, सुमारे ७८५ पौंड. डॉलर ८५ रुपयांना धरला तर पौंडामागचा एक सेंट खंडीमागे सुमारे ६६७ रुपये होतो. १०० किलो कापसातून जिनिंगमध्ये साधारण ३४ किलो रुई निघते, ६३-६४ किलो सरकी, बाकी घट. म्हणजे एक खंडी रुईला साडेदहा क्विंटल कापूस लागला. भागाकार केला की कळतं : तिकडे एक सेंट उतरला की इकडे क्विंटलमागे ६३-६४ रुपयांचा आधार जातो. दहा सेंटची चढउतार जागतिक बाजाराला नवी नाही. पाच एकरांत तीस क्विंटल पिकवणाऱ्या घराला ती १९ हजार रुपयांना पडते. रुपया घसरला तर यातलं काही भरून निघतं, पण मग डिझेल आणि खत महागतं, कारण आपण कच्चं तेल ८५ टक्क्यांहून जास्त बाहेरून आणतो आणि पोटॅश तर जवळजवळ सगळाच.

हाच हिशेब आयात शुल्काला लावा. फेब्रुवारी २०२१ पासून कापसावर ११ टक्के आयात शुल्क होतं. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावरचं शुल्क ५० टक्क्यांवर नेलं, आणि त्याच महिन्यात केंद्राने कापड उद्योगाला दिलासा म्हणून कापसाचं आयात शुल्क उठवलं. ती सवलत पुढे ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली. जागतिक भाव ७५ सेंट धरला तर ११ टक्के म्हणजे सव्वाआठ सेंट, वरच्या हिशेबाने क्विंटलला सव्वापाचशे रुपये. कापड गिरण्यांना मदत हवीच होती, तिथेही लाखो मजुरांचं पोट आहे. पण तमिळनाडूतल्या तिरुपूरच्या कपडे उद्योगावर आलेल्या धक्क्याचा एक भाग अशा रीतीने वणी-हिंगणघाटकडे सरकला, आणि त्याची काळजी हमीभावाच्या खरेदीवर सोडून देण्यात आली.

हमीभावाची खरेदी गरीब कास्तकाराला का लागू पडत नाही, हे जवळून पाहायला हवं. २०२५-२६ साठी मध्यम धाग्याच्या कापसाला ७,७१० आणि लांब धाग्याला ८,११० रुपये हमीभाव आहे. पण केंद्रावर ८ टक्क्यांपर्यंत ओलावा असेल तर पूर्ण भाव, ८ ते १२ मध्ये टक्क्यामागे कपात, आणि १२ च्या वर माल परत. परतीच्या पावसानंतरच्या पहिल्या वेचणीचा कापूस १६-१८ टक्क्यांवरही असतो. १८ टक्के ओलाव्याचा एक क्विंटल ८ टक्क्यांवर आणला तर उरतो ८९ किलो. म्हणजे नियम चुकीचा नाही, ओलं वजन कुणीच विकत घेणार नाही. अडचण अशी की वाळवायला चार-पाच दिवसांचं ऊन, पसरायला कोरडी जागा आणि तेवढे दिवस थांबायची ताकद लागते. वेचणीची मजुरी मात्र त्याच दिवशी किंवा आठवडी बाजाराच्या दिवशी द्यावी लागते. ज्याच्याकडे रोकड नाही, तो गावातल्या खेडा खरेदीवाल्याला ओला कापूस देऊन मोकळा होतो. त्या दिवशी हमीभाव कितीही असो, त्याच्या उपयोगाचा नसतो. जागतिक भाव चढे असतात तेव्हा खेडा खरेदीवालाही बरा भाव देतो, म्हणून ही अडचण दिसत नाही. भाव पडले की पहिला फटका इथे बसतो.

सोयाबीनची वाट वेगळी आहे आणि धोरण ठरवताना ती वारंवार चुकते. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राने कच्च्या खाद्यतेलावरचं एकूण शुल्क साडेसत्तावीस टक्क्यांवर नेलं. अपेक्षा होती की तेल महागेल आणि सोयाबीनचा भाव उचलला जाईल. तेल महागलं. सोयाबीन मात्र त्या हंगामात ४,८९२ च्या हमीभावाखालीच राहिलं. कारण सोयाबीनच्या दाण्यात आहे : १०० किलोतून तेल निघतं १८ किलो आणि पेंड ८० किलोच्या वर. प्रक्रिया करणारा कारखाना दाण्याला किती भाव देईल हे तेलाइतकंच, बऱ्याचदा त्याहून जास्त, पेंडीवर ठरतं. पेंडीचा जागतिक भाव ब्राझील, अर्जेंटिना, अमेरिकेच्या पिकावर चालतो. त्यात भर म्हणून मक्यापासून इथेनॉल काढल्यावर उरणारा चोथा कोंबडीखाद्यात स्वस्तात मिळू लागला. पेंड किलोला १० रुपयांनी उतरली की क्विंटलमागे ८०० रुपये गेले. तेलावर शुल्क वाढवून ते परत येत नाहीत. उलट ज्या घराने सोयाबीन पडेल भावात विकलं, तेच घर महाग तेल विकत आणतं.

आणि संत्रा. वरुड, मोर्शी, काटोल, नरखेडच्या बागवानांनी बांगलादेशाचं शुल्क गेली काही वर्षं सोसलं आहे, पण ते कशातून आलं हे क्वचितच सांगितलं जातं. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केला. तेल आणि वायू महाग झाले. बांगलादेशाला तेल आणि काही वायू बाहेरून आणावा लागतो, शिवाय अमेरिकेत व्याजदर चढू लागल्याने डॉलर जगभर महागला. बांगलादेशाची परकीय चलनाची गंगाजळी झपाट्याने उतरली. मे २०२२ मध्ये त्या सरकारने चैनीच्या समजल्या जाणाऱ्या आयातीवर, फळांसकट, नियामक शुल्क २० टक्क्यांवर नेलं. फळांना ते आधी ३ टक्के होतं. पुढे जानेवारी २०२३ मध्ये त्यांना आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं ४.७ अब्ज डॉलरचं कर्ज मंजूर झालं. संत्र्यावर किलोमागे २०१९ च्या सुमारास वीस रुपयांच्या आसपास असलेलं शुल्क २०२३ मध्ये ८८ च्या घरात गेलं.

ढाक्याने हे नागपूरशी वैर म्हणून केलं नाही. त्यांना औषधं आणि इंधन आणायचं होतं, संत्रा वाट पाहू शकत होता. पण इथे त्याचा अर्थ असा झाला की विसार देऊन झाडावरचा बगीचा बोलून गेलेला व्यापारी सौदा मोडू लागला, आणि बांगलादेशात खपणारी छोटी फळं देशातल्या बाजारात येऊन पडली. ‘प्रक्रिया उद्योग उभारा’ हे उत्तर अधिवेशनात दरवेळी ऐकू येतं. नागपुरी संत्र्याच्या रसाला काढल्यावर काही वेळाने कडवटपणा येतो, लिमोनिन या घटकामुळे, आणि फळात बिया जास्त असतात. हा कडवटपणा काढण्याची यंत्रणा आणि वर्षभर पुरेल एवढा माल, या दोन गोष्टींशिवाय नुसती इमारत उभी करून फायदा नाही. धक्क्याच्या वर्षी उपयोगी पडतं ते प्रतवारी, वॅक्सिंग (फळ टिकावं म्हणून मेणाचा थर) आणि दक्षिणेकडच्या बाजारांपर्यंतच्या वाहतुकीला वेळेवर मिळालेलं अनुदान. संत्रा ताजाच विकायचा असतो. त्याला दिलेली मदत महिनाभर उशिरा आली तर ती मदत राहत नाही.

आता घरात येऊ. भाव पडल्यावर घर गरीब कसं होतं, याचा एक क्रम असतो. आधी ताट बदलतं : डाळ पातळ होते, दूध बंद होतं, तेल मोजून वापरलं जातं. २०२२-२३ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार ग्रामीण घराचा सुमारे ४६ टक्के खर्च अन्नावर होतो, गरीब घरात त्याहून जास्त. म्हणून कपातही तिथूनच सुरू होते. मग नातेवाइकाकडून हातउसने. मग सोनं गहाण. मग शेळ्या. इथपर्यंतचं सगळं पुढच्या चांगल्या हंगामात परत मिळवता येतं. यानंतरच्या पायऱ्या वेगळ्या आहेत : बैलजोडी विकणं, मुलीची शाळा सोडवणं, जमीन गहाण टाकणं.

बैलांचं उदाहरण घ्या. धक्का एकट्या घराला बसत नाही, अख्ख्या तालुक्याला बसतो. त्यामुळे एकाच आठवडी बाजारात सगळेच बैल विकायला आणतात आणि घेणारा कुणी नसतो. जोडी मिळेल त्या भावात जाते. पुढच्या जूनमध्ये वखरणी-डवरणीला भाड्याची जोडी किंवा ट्रॅक्टर आणावा लागतो. तोही सगळ्यांना एकाच आठवड्यात हवा असतो, पेरणी लांबते, उत्पादन घटते. दोन महिन्यांच्या पडेल भावाचं दोन-तीन वर्षांच्या घटीत रूपांतर झालं ते असं.

कर्जाचंही तेच. पीककर्ज मुदतीत फेडलं तर केंद्राची तीन टक्के सवलत आणि राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख योजना मिळून तीन लाखांपर्यंत व्याज शून्यावर येतं. ही चांगली योजना आहे. पण तिची कडा फार धारदार आहे. परतफेडीची तारीख चुकली की सवलत गेली, व्याज बँकेच्या नेहमीच्या दरावर, आणि खातं थकल्यावर जूनमध्ये नवं कर्ज नाही. मग बियाणं-खत कृषी केंद्रातून उधारीवर, रोखीपेक्षा चढ्या भावात, आणि बऱ्याचदा अशी बोली की माल उधारी देणाऱ्यालाच घालायचा. पुढच्या वर्षी भाव सुधारले तरी ते या घराला मिळत नाहीत, कारण विक्री आधीच बांधली गेली. गट-कर्जाचा साप्ताहिक हप्ता तर कापसाला भाव आला की नाही ते पाहतही नाही.

म्हणून आम्ही देशाच्या आर्थिक वाढदराच्या आकड्यावर विसंबून राहू नका असं सांगतो. २०२०-२१ मध्ये देशाचं उत्पन्न घसरलं, एप्रिल ते जूनच्या तिमाहीत तर जवळपास चोवीस टक्क्यांनी. पुढच्याच वर्षी वाढदर भरारी घेऊन वर आला. पण केंद्राच्या श्रमशक्ती पाहणीत शेतीवर काम करणाऱ्यांचा वाटा २०१८-१९ मध्ये साडेबेचाळीस टक्के होता, तो २०२०-२१ मध्ये साडेसेहेचाळीसवर गेला आणि २०२३-२४ मध्येही ४६ च्या आसपासच होता. सुरत, पुणे, हैदराबादहून परत आलेले हात वाढदरासोबत माघारी गेले नाहीत. त्याच शेतात आणखी माणसं बसली. जगाचा आकडाही असाच आहे : जागतिक बँकेच्या अंदाजाने २०२० या एका वर्षात सुमारे सात कोटी माणसं अतिगरिबीत ढकलली गेली, आणि त्याआधीची दोन दशकं गरिबी सतत घटत आली होती. श्रीमंत देशांनी कर्ज काढून लोकांच्या खात्यात पैसे टाकले. झांबियाने त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये परदेशी कर्जाचा हप्ता चुकवला, श्रीलंकेने एप्रिल २०२२ मध्ये परतफेड थांबवली, घानाने त्याच डिसेंबरमध्ये. धक्का एकच असतो. कोणाकडे तो झेलायला पैसा आणि यंत्रणा तयार होती, यावर कोण किती खाली गेलं ते ठरतं. जिल्ह्यांनाही हेच लागू आहे.

विदर्भाला हा धडा नवा नाही. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला. १८६५ मध्ये युद्ध संपलं, भाव कोसळले. रेल्वे नागपूरला पोहोचली १८६७ मध्ये. तेजी ओसरून दोन वर्षं झाली होती, पण ज्वारीच्या जमिनी कापसाखाली जाण्याची वाट मात्र पक्की झाली. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत रोकड पिकावर टेकलेल्या माणसाला धान्य विकत घेणं परवडलं नाही.

अलीकडचं पाहा. २००१-०२ मध्ये कापसाचा जागतिक भाव ४० सेंटच्या आसपास आला, कित्येक वर्षांतला नीचांक. अमेरिका आपल्या शेतकऱ्यांना भरघोस अनुदान देत होती. बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली या आफ्रिकेतल्या चार देशांनी २००३ मध्ये जागतिक व्यापार संघटनेत त्याविरुद्ध एकत्र मागणी केली. यवतमाळचा आणि मालीचा कास्तकार तेव्हा एकाच भावाने मरत होता. विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी पंतप्रधानांचं ३,७५० कोटींचं पॅकेज आलं १ जुलै २००६ ला. मधली पाच वर्षं काय होती, हे या सभागृहातल्या ज्येष्ठांना सांगायची गरज नाही.

यंत्रणा त्यानंतर सुधारली, पण तारीख अजून सुधारलेली नाही. २०२३ च्या खरिपात कापूस-सोयाबीनचे भाव पडले म्हणून राज्याने हेक्टरी ५,००० रुपये, दोन हेक्टरच्या मर्यादेत, द्यायचं ठरवलं. सुमारे ४,१९४ कोटी रुपये मंजूर झाले. निर्णय योग्य होता आणि रक्कमही लहान नव्हती. पैसे खात्यात पडू लागले सप्टेंबर २०२४ च्या शेवटी. ज्याने नोव्हेंबर २०२३ मध्ये सोयाबीन विकलं, त्याने त्या दहा महिन्यांत खातं थकू दिलं, उधारी केली, कदाचित बैलही विकले. तेच ४,१९४ कोटी जानेवारीत दिले असते तर तिजोरीवर एक रुपयाही जास्त भार पडला नसता.

उशीर का होतो, याचं कारण अधिकाऱ्यांच्या आळसात शोधू नका. भाव पडणं ही आपत्तीच धरली जात नाही. आपत्ती निवारण निधीच्या यादीत दुष्काळ, पूर, गारपीट, कीड, थंडीची लाट आहे, बाजाराची घसरण नाही. पीकविमा उत्पादनातली घट भरून देतो, भावातली नाही. कर्जाचं पुनर्गठन नैसर्गिक आपत्तीतच होतं. तलाठ्याच्या पंचनाम्यात भावाचा रकानाच नाही. म्हणून प्रत्येक वेळी शून्यापासून मागणी, मोर्चा, लक्षवेधी, मंत्रिमंडळ, शासन निर्णय, याद्या, आधार जोडणी असा प्रवास होतो.

आमचं मागणं असं आहे की हा प्रवास हंगामाच्या आधी करून ठेवा. कोणत्या आकड्यावर कोणती मदत आपोआप सुरू होईल, हे मे महिन्यातच शासन निर्णयाने जाहीर करा. कापसासाठी हिंगणघाट, वणी, अकोट, पांढरकवडा, काटोल अशा ठरावीक बाजार समित्यांचा आवकेच्या प्रमाणात काढलेला सरासरी भाव सलग दहा व्यवहार-दिवस हमीभावाच्या ९० टक्क्यांखाली राहिला की तो दिवस ‘भाव-आपत्ती’चा दिवस. सोयाबीनला तशाच वेगळ्या पाच समित्या. त्या दिवसापासून २१ दिवसांत ई-पीक पाहणीत नोंद झालेल्या क्षेत्रावर हेक्टरी ठरलेली रक्कम खात्यात. पीक पाहणी ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर होते आहे, नोंदी दिवाळीच्या आधी तयार असतात. राहतात ते कुळ, बटईदार आणि ज्यांच्या मोबाइलवर नोंद झाली नाही ते. त्यांच्यासाठी ग्रामसभेत यादी वाचून दाखवून दुरुस्ती करायला सप्टेंबरमध्ये पंधरा दिवस ठेवा. डिसेंबरमध्ये ठेवाल तर पुन्हा सप्टेंबर उजाडेल.

रक्कम हेक्टरवर का, क्विंटलवर का नको, याचं कारण मध्य प्रदेशाच्या अनुभवात आहे. तिथे २०१७ मध्ये विकलेल्या क्विंटलवर फरक देणारी भावांतर योजना आली. विक्रीची मुदत ठरलेली होती, म्हणून सगळा माल त्याच आठवड्यांत बाजारात आला. फरक सरकार भरणार हे व्यापाऱ्यांना माहीत होतं, म्हणून बोली खाली आली. क्विंटलवर मदत दिली की पावतीही क्विंटलची लागते, आणि ज्याने खेडा खरेदीत विकलं त्याच्याकडे ती नसते. म्हणजे सर्वांत गरीब तोच सुटतो. हेक्टरवरची मदत विक्रीशी बांधलेली नसते, त्यामुळे ज्याला माल थोडा थांबवायचा असेल त्याला ती रोकड थांबायची ताकदही देते.

त्याच दिवशी आणखी दोन गोष्टी आपोआप व्हाव्यात. एक, त्या पिकाच्या कर्जावरची व्याज सवलतीची मुदत एक वर्ष पुढे जावी, फरक राज्याने बँकेला भरावा, आणि सहकार खात्याने जिल्हा बँकांना लेखी कळवावं की हे खातं नव्या कर्जासाठी अपात्र धरायचं नाही. हे तोंडी सांगून चालत नाही. शाखाधिकारी परिपत्रकाशिवाय सही करत नाही आणि त्याचं ते बरोबरच आहे. दोन, रोजगार हमीची कामं. या राज्याने १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा करून देशाला वाट दाखवली. पण मागणी आल्यावर अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता असा क्रम सुरू केला तर पहिलं हजेरीपट निघायला आठवडे जातात. प्रत्येक ग्रामपंचायतीच्या शेल्फवर, म्हणजे तयार कामांच्या यादीत, किमान दोन मान्यताप्राप्त कामं ऑक्टोबरअखेर तयार हवीत, त्यातलं एक तरी बायकांना गावाजवळ करता येईल असं. आणि मजुरी पंधरा दिवसांत. महिनाभर मजुरी अडकली की मजूर सावकाराकडे जातो, मग त्या कामाचा उपयोग सावकारालाच होतो.

ओलाव्याच्या अडचणीवर खर्च फारच थोडा आहे. खेडा खरेदी जास्त असलेल्या गावांत सिमेंटचे वाळवणीचे ओटे, ताडपत्र्या, आणि ग्रामपंचायतीत एक ओलावा मापक. कास्तकाराला घरून निघायच्या आधी आकडा कळला तर पन्नास किलोमीटर जाऊन माल परत आणावा लागणार नाही. सोयाबीनच्या केंद्रांबाबत एकच : बारदाना. खरेदी सुरू झाल्यावर निविदा काढली की केंद्रं हंगामाच्या मध्यात थांबतात, आणि थांबलेल्या आठवड्यात बाजारभाव आणखी उतरतो. पोती ऑगस्टमध्ये गोदामात मोजून घ्या.

खताचा धक्का सगळ्यांत आधी दिसतो आणि त्यावर उपायही सगळ्यांत सोपा आहे. जगात डीएपी हे नत्र-स्फुरदाचं खत महागलं की केंद्र ५० किलोच्या गोणीचा भाव १,३५० रुपयांवर धरून ठेवतं. भाव चढत नाही, पण आयातदार माल आणायला कचरतो आणि जूनमध्ये टंचाई होते. मग दुकानात लिंकिंग : एक गोणी डीएपी हवी तर नको असलेली आणखी दोन औषधं घ्या. एका गोणीत ९ किलो नत्र आणि २३ किलो स्फुरद असतं. तेवढंच तीन गोण्या सिंगल सुपर फॉस्फेट आणि जेमतेम अर्धी गोणी युरियातून मिळतं, वर सुपर फॉस्फेटमधलं गंधक सोयाबीनला हवंच असतं. अडचण वाहतुकीची : एका गोणीच्या जागी साडेतीन गोण्या, म्हणून दुकानदार ठेवत नाही. एप्रिलमध्येच जिल्ह्याच्या साठ्यात सुपर फॉस्फेट ठेवा आणि वाहतुकीचा फरक द्या. मेच्या अखेरीस प्रत्येक कृषी केंद्राच्या दारावर हा हिशेब मोठ्या अक्षरांत लावा.

एक गोष्ट उलट दिशेची. आपणही कुणाला तरी धक्का देत असतो. २० जुलै २०२३ ला केंद्राने बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद केली. जगाच्या तांदूळ व्यापारात भारताचा वाटा चाळीस टक्क्यांच्या आसपास आहे. ती बंदी २८ सप्टेंबर २०२४ पर्यंत चालली. मधल्या काळात आफ्रिकेतल्या गरीब घरांचा भात महागला आणि भंडारा-गोंदियाच्या गिरण्यांनी गिऱ्हाइकं गमावली. अचानक बंदीऐवजी आधी जाहीर केलेलं, साठ्याच्या पातळीशी जोडलेलं निर्यात शुल्क असावं, असा ठराव या सभागृहाने करून केंद्राकडे पाठवावा. जो नियम आम्ही स्वतःसाठी मागतो आहोत, तोच हा आहे.

पैशांचा प्रश्न तुम्ही विचाराल. हेक्टरी पाच हजारांचा २०२३ चा अनुभव हाताशी आहे, एका वाईट वर्षाची रक्कम माहीत आहे. तिचा चौथा हिस्सा दरवर्षी ‘भाव स्थिरता निधी’ म्हणून वेगळ्या लेखाशीर्षात ठेवा आणि चांगल्या वर्षात तो व्यपगत होऊ देऊ नका. पुरवणी मागण्या याच अधिवेशनात येतात. पहिला हिस्सा त्यांतच येऊ शकतो. बाजार समित्यांची यादी, दहा दिवस आणि नव्वद टक्के हे आमचे आकडे आहेत. तुम्हाला दुसरे योग्य वाटले तर बदला. फक्त ते मे महिन्याच्या आत छापील हवेत, म्हणजे पेरणी करताना कास्तकाराला आणि कर्ज देताना शाखाधिकाऱ्याला दोघांनाही ते माहीत असतील. मसुदा करायला, आकडे तपासून द्यायला आम्ही अधिवेशनाच्या काळात आणि त्यानंतरही कधीही हजर आहोत.

आपले,
नागपुरातील अर्थशास्त्राचे शिक्षक आणि शेती पतपुरवठा व बाजारभावांचे अभ्यासक